चंद्राक्काची राखण

भाड्याचं बोलणं चटकन मिटलं, अटींचं मात्र बराच वेळ चाललं. चंद्राक्का जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती आणि मी आणि माझी बायको नीता तिच्यापुढे उभे होतो. बेळगाव शहर संपून बेळगुंदीकडची शेतं सुरू होतात, तिथलं हे दुमजली घर. खाली मालक, वर भाडेकरू. आम्ही दोघंही नोकरी करणारे, वेळेवर भाडं देणारे, पाहुण्यारावळ्यांचा गोतावळा नसलेले. अशा भाडेकरूंना नाकारायचं कारण नव्हतं. पण आक्काला आमच्या पगाराशी काही देणंघेणं नव्हतं.

"कोळिष्टक काढायचं झालं तर आदी मला इचारायचं," ती म्हणाली. "औषध फवारायचं न्हाय. डासाला मच्छरदानी लावा. आन वरच्या खोलीची उगवतीची खिडकी इतक्यात उघडायची न्हाय."

नीतानं कारण विचारलं.

"कुंभारणीचं घर हाय तिथं. पोरं भाईर पडली की उघडा."

वर जाऊन बघितलं तर खिडकीची फळी आणि चौकट यांच्या सांध्यात ओल्या मातीचा अंगठ्याएवढा गोळा चिकटवलेला होता आणि बारीक कमरेची एक माशी त्याच्यावर लगबगीनं माती थापत होती. आक्का मागून जिना चढून आली आणि कुंभारीण ज्या घरात घर बांधते तिथं वर्षाच्या आत पाळणा हलतो, असं तिनं नीताला खालच्या आवाजात सांगितलं. आमच्या घरी पाळणा हलला तो त्यानंतर चार वर्षांनी. तरी त्याचं श्रेय आक्कानं त्याच कुंभारणीला दिलं आणि आम्हीही वाद घातला नाही.

खालचा आवाज हा तिचा अपवादच म्हणायचा. एरवी तिचा आवाज तीन घरं ओलांडून जायचा. त्याला कारण होतं. ती बेळगुंदीच्या शेतकऱ्याची लेक. भात दुधावर आलं की शेतात माळा घालून तिला वर बसवायचे आणि दिवसभर पाखरं हाकलणं हे तिचं काम. हातात गोफण, शेजारी पत्र्याचा डबा, आणि गळ्यात हा आवाज. "शाळंत माझं नाव हुतं, आन मी माळ्यावर हुतो," असं ती सांगायची. इकडच्या बायकांसारखी तीही "मी येतो, मी जातो" असंच बोलायची. सांगताना कुरकुर नसायची. माळ्यावरून आख्खं शिवार दिसायचं, हे ती जास्त रंगवून सांगायची.

त्यामुळे मला सुरुवातीला एक गोष्ट उमगेना. लहानपणभर पाखरांना हाकलणारी ही बाई आता त्यांच्यासाठी परसात पाण्याची परात का भरून ठेवते? तसं एकदा विचारलं तर ती म्हणाली, तेव्हा भात राखायचं होतं, आता काय राखायचंय? 

परस मोठं नव्हतं. पेरू, शेवगा, कढीपत्ता, दोन रंगांच्या जास्वंदी, मोरीच्या पाण्यावर वाढलेली केळी आणि अळू. पण सकाळी सहापासून तिथं वर्दळ असायची आणि त्या वर्दळीत आक्काचा आवाज. पेरूवर राघू उतरले की ती दारातूनच सुरू व्हायची, "कच्चा कशाला तोडतोस रं? पिकला की तुझाच हाय की." खारीला ती चोर म्हणायची आणि शेवग्याच्या सुरवंटांना आळशी. मुंग्यांची रांग ओट्यावर आली तर आधी उंबऱ्याबाहेर चिमूटभर साखर ठेवायची, तरीही वळल्या नाहीत तर हळदीची रेघ ओढायची आणि "आता मला बोल लावायचा न्हाय" असं बजावायची. ती काही साध्वी नव्हती. झुरळाला तिच्या राज्यात थारा नव्हता. चपलेनं असं नेमकं मारायची की बघत राहावं. वाळवी लागली तेव्हा उकळतं पाणी ओतून मोकळी झाली.

तिचे यजमान आप्पा, अतिशय अबोल माणूस. रोज सकाळी स्कूटरवरून बेळगुंदीच्या शेतावर जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. एकदा मला म्हणाले, "लग्न झालं तवा वाटायचं, माझ्यावरच वरडतीया. मग कळलं, राघूवर." एवढं बोलून त्यांनी स्कूटरला किक मारली. मला वाटतं, माझ्याशी त्यांनी बोललेलं ते सगळ्यात लांब वाक्य असेल.

पाखरांची पुस्तकी नावं आक्काला ठाऊक नव्हती आणि ठाऊक करून घ्यायचीही नव्हती. तिनं आपली नावं ठेवली होती. सातभाईंचा थवा कलकलत आला की "महिला मंडळ भरलं". पहाटे शेवग्याच्या शेंड्यावर गाणारा काळापांढरा पक्षी म्हणजे बुवा. कुंपणाच्या कडेनं तपकिरी पंख सावरत, लाल डोळ्यांनी इकडंतिकडं बघत चालणारा भारद्वाज म्हणजे पाटील. मी हौसेनं पक्ष्यांचं एक पुस्तक आणलं आणि तिला चित्र दाखवून सांगितलं की बुवाचं खरं नाव दयाळ. तिनं चित्र नीट बघितलं. "असंल," ती म्हणाली. "पर हितं तेला बुवाच म्हणत्यात." 'हितं' म्हणजे ती एकटी. पण थोड्याच दिवसांत आम्हीही बुवाच म्हणायला लागलो.

दुसऱ्या वर्षी निपाणीला माझे वडील गेले. ते तंबाखूच्या वखारीत मुकादम होते. आयुष्यभर माणसांत राहिलेले, घरी आले तरी चार माणसं बरोबर. त्यांच्या मागे ते घर आईच्या अंगावर यायला लागलं, म्हणून कुलूप लावून मी तिला बेळगावला घेऊन आलो.

आई आली, पण बोलणं निपाणीतच ठेवून आली. विचारलं तर "व्हय", "न्हाय", तेवढंच. ताटात वाढलं तर चार घास खायची. सकाळी आम्ही दोघं बाहेर पडताना ती जिथं बसलेली असे, संध्याकाळी परत आलो तरी तिथंच, भिंतीकडे तोंड करून. झाकून ठेवलेलं जेवण निम्मं तसंच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी झोप तेवढी लागायला लागली. नातेवाईक भेटायला यायचे, गळ्यात पडून रडायचे आणि जायचे. ते गेले की ती आणखी मिटून जायची. नीता नोकरी सोडायचं बोलू लागली होती. आमच्या घरात त्या दिवसांत ताटवाट्यांचा आवाज झाला तरी दचकायला व्हायचं.

आक्का एकदा वर आली. मला वाटलं, आता हीही पदर डोळ्याला लावणार. तिनं तसं काही केलं नाही. मेथीची जुडी घेऊन आली होती, ती आईसमोर बसून निवडली, काड्या पदरात गोळा केल्या आणि "येतो" म्हणून खाली गेली. बोलली काहीच नाही. मला थोडा रागच आला होता.

उन्हाळा लागला आणि आक्काच्या पुढच्या दाराला बुलबुलांनी घरटं केलं.

त्या दारावर तिची मुलगी शैला हिनं मनीप्लँटचा वेल तारेवर चढवला होता. दाराच्या चौकटीला लागूनच, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, त्या वेलात वाटीएवढं घरटं. दार उघडलं की फळी वेलाला घासायची. आक्कानं आतून कडी घातली, पायऱ्यांवर शैलाची एक जुनी ओढणी आडवी बांधली आणि सगळ्यांना सांगून टाकलं की आता जाणं-येणं मागल्या दारानं. दूधवाला, वीजबिलवाला, आप्पा, सगळे घराला वळसा घालून, धुण्याच्या दगडावरून, केळीच्या बाजूनं स्वयंपाकघरात शिरायला लागले. कुणी कुरकुर केली तर ती म्हणायची, दार काय पळून जातंय?

त्या घरट्यावर शेजारच्या बोक्याची नजर होती. पांढरा, एका डोळ्यानं अधू, लई द्वाड. भिंतीवर अंग चोरून तासन्‌तास बसायचा.

मी एका सकाळी मोटारसायकल काढत होतो, तेव्हा आक्कानं मला अडवलं. "सुनील, तुझ्या आईला खाली धाड."

मी विचारलं, कशाला?

"मला माणूस पायजे. बोका टपून बसलाय. मी सैपाक करू का राखण करू? शैला कॉलेजला, आप्पा शेतावर."

आईची तब्येत ठाऊक असून ही बाई असं कसं म्हणते, असं मनात आलं. मी तिला समजावून सांगू लागलो, की आई अजून त्या मनःस्थितीत नाही, तिला काही काम सांगणं बरं नाही.

"काम कुठलं? बसायलाच तर पायजे," आक्का म्हणाली. "वर बसत्यात, त्या खाली बसतील."

मी वर जाऊन आईला सांगितलं. ती उठली, पदर नीट केला आणि जिना उतरली. कुणीतरी मदतीला बोलावतंय म्हटल्यावर नाही म्हणायचं वळण तिला नव्हतंच. आक्कानं परसाच्या कडेच्या पेरूखाली, पुढचं दार दिसेल अशी खुर्ची ठेवली होती. आईच्या हातात एक काठी दिली आणि सांगितलं, "वैनी, डोळा ठिवायचा. बोका आला की काठी आपटायची. मारायचं न्हाय." आईनं मान हलवली.

संध्याकाळी आल्या आल्या मी आक्काला विचारलं, काय झालं दिवसभर? ती म्हणाली, "बोक्यापायी एकदा उठल्या." तिच्या दृष्टीनं एवढं पुरेसं होतं.

त्यानंतर रोज सकाळी आमच्या आधी आईच तयार व्हायची. दुपारचं जेवणही खाली व्हायचं. आक्का ताट आणून द्यायची आणि नजर घरट्यावर ठेवूनच आई जेवायची, त्यामुळे किती खाल्लं याकडं तिचं लक्ष नसायचं. आक्का तिच्याशी फारसं बोलायची नाही. आपल्या कामात असायची, मधूनच राघूंवर ओरडायची, एखादा पेरू आईच्या हातात देऊन जायची. एका संध्याकाळी आम्ही तिघं जेवत होतो आणि आई एकदम, कुणी न विचारता म्हणाली, "ती उठून गेली की त्यो अंड्यावर बसत न्हाय. तारंवर बसून नुस्ता बघतोय."

वडील गेल्यापासून तिच्या तोंडून निघालेलं हे पहिलं पुरं वाक्य. नीतानं माझ्याकडे बघितलं नाही, मीही तिच्याकडे बघितलं नाही. आम्ही दोघं मान खाली घालून जेवत राहिलो. बघितलं असतं तर आई गप्प होईल अशी भीती वाटली.

याच सुमारास शैलाला स्थळ आलं. काकतीचं घर, शेतीवाडी असलेलं, मुलगा शहरात एका कंपनीत नोकरीला. बघायला येणार रविवारी. आप्पांनी आक्काला म्हटलं की निदान त्या एका दिवसापुरतं पुढचं दार उघडू, घरटं हळूच पेरूवर नेऊन ठेवू. आक्का म्हणाली, घरटं हलवलं की बुलबुलीण परत येत नाही. शनिवारी आक्कानं मागचं अंगण सारवलं, धुण्याचा दगड घासला, मागल्या दाराला आंब्याचं तोरण बांधलं. रविवारी पहाटे शैलानं तिथं रांगोळी काढली. मागचं दार त्या दिवशी पुढच्या दारापेक्षा देखणं दिसत होतं. आणि त्याच सकाळी घरट्यातल्या अंड्यांतून पिल्लं बाहेर आली. हे पहिल्यांदा आईनं बघितलं. तिनं मला जिन्यावरून हाक मारून खाली बोलावलं आणि दाखवलं. नुसत्या चोची आणि त्याखाली मांसाचे गोळे.

आप्पा आणि मी पाहुण्यांना वाट दाखवायला गल्लीच्या तोंडाशी उभे होतो. गाडी मात्र आम्हाला न विचारताच पुढं गेली आणि फाटकाशी थांबली. आम्ही मागून घाईनं येतोय तोवर मुलाची आत्या उतरून आत शिरलीसुद्धा. उंच, ठसठशीत बाई. घरात कर्ती तीच, हे तिच्या चालीवरूनच कळत होतं. ती थेट पुढच्या पायऱ्यांशी गेली आणि आडवी बांधलेली ओढणी तिनं हातानं वर उचलली.

पेरूखालची आई उठली. तिच्या हातात काठी होती, पण ती आपटली नाही. निपाणीच्या घरी चार माणसांपुढं बोलायची त्या शांत आवाजात ती म्हणाली, "मागल्या दारानं या. हितं बाळंतीण हाय."

आत्यानं चटका बसावा तसा पाय मागं घेतला. तिनं ओढणी सोडली, डोक्यावरचा पदर सावरला आणि सगळी मंडळी निमूटपणे वळसा घालून मागच्या दारानं आत गेली. मी आईकडे बघत राहिलो. ती पुन्हा खुर्चीवर बसली होती आणि तिचं लक्ष भिंतीवरच्या बोक्याकडे होतं.

आत पाणी झालं, ऊनपावसाचं बोलणं झालं. मग आत्या घसा साफ करून म्हणाली, "बाळंतीण कोण म्हणायची?"

बाहेर काय झालं ते आक्काला ठाऊकच नव्हतं. तिनं विचारलं, "कुठली बाळंतीण?"

"भाईर बसलेल्या बाई म्हणाल्या. तुमच्यात लेक एकच म्हणालता न्हवं?"

आप्पांच्या हातातला पाण्याचा तांब्या हातातच राहिला. मुलाचे वडील जमिनीकडे बघायला लागले. नेमकी तेव्हाच शैला पोह्यांचा ट्रे घेऊन दारात आली होती. तिनं शेवटचं वाक्य ऐकलं आणि मान खाली घालून यायचं, हळू चालायचं, हे सगळं विसरून ती हसायला लागली. हसू आवरेना, तेव्हा ट्रे जमिनीवर ठेवून तिथंच बसली. मग मीच पुढं होऊन उलगडा केला. आक्कानं आत्याला हाताला धरून खिडकीपाशी नेलं आणि आतून घरटं दाखवलं. बुलबुलीण चोचीत अळी घेऊन तारेवर येऊन बसली होती. मुलाचे वडील शेतकरी माणूस, त्यांनी बघितलं आणि मांडीवर थाप मारून हसले. मुलगाही हसला आणि त्यानं शैलाकडे बघितलं. मला वाटलं, झालं, जमलं.

आत्या हसली नाही. ती घरट्याकडे बघतच म्हणाली, "पाखरापायी आम्हाला सैपाकघरातनं आणलासा?"

इथं आक्काला सावरून घेता आलं असतं. चुकलं म्हणता आलं असतं, दुसऱ्या वेळी तोरण लावून पुढच्या दारानं नेऊ म्हणता आलं असतं.

"व्हय," आक्का म्हणाली. बस्स, तेवढंच.

आठवड्याच्या आत मध्यस्थाकडून निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण पहिल्याच पावलाला ज्यांनी मागलं दार दाखवलं त्यांच्याशी सोयरीक नको. आप्पा त्या दिवशी शेतावर गेले नाहीत. कधी आवाज न चढवणारे आप्पा, तेव्हाही त्यांनी चढवला नाही. "एक दीस उघडलं असतं, तर काय झालं असतं?" एवढंच म्हणाले आणि ओसरीवर बसून राहिले. शैलानं आक्काशी बोलणं टाकलं. तिला मुलगा आवडला होता. तू पुढं काय शिकणार, असं त्यानं विचारलं होतं आणि तिचं उत्तर नीट ऐकून घेतलं होतं, असं तिनं नीताला नंतर सांगितलं. दोन सकाळी राघू पेरूवर येऊन मनसोक्त नासाडी करून गेले आणि खालून आवाज आला नाही.

आणि आई पुन्हा वर येऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मी जवळ गेलो तर म्हणाली, "माझ्या तोंडानं पोरीचं लगीन मोडलं." आणि पुन्हा भिंतीकडे वळली. मिळालेलं सगळं एका वाक्यापायी हातचं गेलं, असं मला वाटलं. नीतानं तिच्या पाठीवर हात ठेवला, तोही तिला जाणवला नसावा.

संध्याकाळी आक्का जिना चढून आली. आईच्या शेजारी, भिंतीला टेकून बसली. या खेपेला हातात मेथी नव्हती.

"वैनी, तुम्ही खोटं काय बोललासा?" ती म्हणाली. "बाळंतीण हुतीच की."

आईची नजर भिंतीवरच होती.

"मला वाईट वाटलं न्हाय, असं न्हाय. पोरगी बोलत न्हाय माझ्यासंगं. पर एक सांगतो. ज्या घराला एक दीस मागल्या दारानं यायला जमलं न्हाय, त्या घरात माझी लेक जलमभर पुढच्या दारानं कशी नांदंल? आता कळलं ते बरं झालं. लगीन झाल्यावर कळलं असतं तर तिथं मी राखणीला कुणाला बसवणार हुतो?"

उठताना आक्का म्हणाली, "पिल्लं वरडायला लागलीत. आता बोका दोनदोनदा येणार. मला एकटीला जमायचं न्हाय. सकाळी या."

ती जिना उतरताना मी मागं गेलो होतो. मधल्या पायरीवर थांबून तिनं पदरानं डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि मग खाली गेली. मी आल्याचं तिला कळलं होतं की नाही, ठाऊक नाही.

सकाळी आई काठी घेऊन पेरूखाली होती.

पिल्लं उडायच्या दिवशी एक पिल्लू झेप चुकून गटारीत पडलं. बोका भिंतीवरून उतरायच्या आत आईनं काठी आपटली, आक्का घरातून धावत आली, पण दोघींच्याही आधी शैला पोचली. तिनं सूप तिरकं घालून पिल्लू अलगद वर काढलं, जास्वंदीवर ठेवलं आणि "आई, पाणी आण गं" म्हणाली. आक्का पाणी आणायला गेली. त्या घरातला अबोला असा संपला, त्याविषयी पुन्हा कुणी काही बोललं नाही. शैलाचं लग्न पुढच्या वर्षी झालं, सांबऱ्याच्या मुलाशी, तिच्या मैत्रिणीच्या भावाशी. तिनं पुढं शिक्षणही पुरं केलं आणि आता शाळेत शिकवते.

आई त्या घरात आमच्याबरोबर सात-आठ वर्षं राहिली, पण खरी राहिली ती खालीच. दोघी मिळून शेंगा फोडायच्या, सांडगे घालायच्या, बुवा आज उशिरा का आला यावर चर्चा करायच्या. पुढं पुढं भांडायलाही लागल्या. पाण्याची परात उन्हात ठेवायची की सावलीत, यावरून एकदा चार दिवस बोलत नव्हत्या. आई तावातावानं वर आली आणि आक्काला कशी काही अक्कल नाही, हे मला सांगायला लागली. मी ऐकत होतो आणि मनातून इतका सुखावलो होतो की ते तोंडावर दिसू नये म्हणून वर्तमानपत्र आडवं धरलं. आई भांडायला लागली तेव्हा मला खात्री पटली की ती बरी झाली.

मी एकदा आक्काचे आभार मानायचा प्रयत्न केला होता. आमच्या मुलाचं बारसं होतं, घर माणसांनी भरलं होतं आणि आई त्याला मांडीवर घेऊन पाळणा म्हणत होती. मला भरून आलं. मी आक्काला बाजूला घेऊन म्हणालो की आक्का, तुम्ही त्या वेळी आईला खाली बोलावलं नसतं तर हे काही झालं नसतं. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी भलतंच बोलतोय.

"मी काय केलं? बोका लई द्वाड हुता. मला खरंच माणूस पायजे हुतं."

ते खरंच असेल, असं मला आता वाटतं. उपकार करायचे म्हणून तिनं काही केलं नाही. तिला माणसाची गरज होती आणि ती तिनं मोकळेपणी सांगितली. आम्ही सगळे आईला काय द्यावं या विवंचनेत होतो. तिच्याकडून काही मागावं, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मग आम्ही शहरात फ्लॅट घेतला. आक्का एकदाच तिथं आली, गेल्या वर्षी. पिशवीभर पेरू घेऊन आली होती. ती थकली होती, जिन्यावर दम लागला होता, पण लिफ्टमध्ये बसायला तयार नव्हती. आईनं चहा केला. साखर जास्त झाली, नाही झाली, यावरून दोघींचं थोडं वाजलं. गॅलरीला कबुतरं येऊ नयेत म्हणून जाळी लावलेली आहे, ती तिनं बघितली. आता काहीतरी बोलणार म्हणून मी वाट बघत होतो, पण ती नुसतं "वारा बरा येतोय" म्हणाली. त्यानंतर दिवाळीच्या आधी ती गेली. छातीत दुखतंय म्हणाली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. तेव्हा मला काय ठाऊक, की त्या दिवशी बघतोय ते शेवटचं.

फ्लॅटवरून ती निघाली तेव्हा मी खाली सोडायला येतो म्हटलं, तर तिनं येऊ दिलं नाही. म्हणून मी आणि आई गॅलरीत उभे राहिलो. खाली रिक्षा थांबली होती. इमारतीच्या पहिल्या मजल्याच्या छज्ज्याखाली मधमाश्यांचं मोठं पोळं लागलं होतं आणि काही रहिवाशांच्या सांगण्यावरून वॉचमन लांब बांबूच्या टोकाला गोणपाट गुंडाळून ते पेटवायच्या तयारीत होता. आक्का रिक्षाकडे निघाली होती ती थबकली आणि वळून त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर होतो. एरवी तिचा आवाज आम्हाला स्वच्छ ऐकू आला असता. त्या दिवशी काहीच ऐकू येत नव्हतं. नुसता तिचा हात दिसत होता, एकदा पोळ्याकडे जाणारा, एकदा स्वतःच्या छातीकडे.

मी आईला म्हणालो, "बघ, आक्का तिथंपण भांडायला लागली."

आईनं जाळीला कपाळ टेकवून खाली नीट बघितलं. "भांडत न्हाय ती," आई म्हणाली. "इनवणी करालीय."

रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. वॉचमन बराच वेळ मान खाली घालून उभा होता. मग त्यानं बांबू भिंतीला टेकवून ठेवला. आक्कानं त्याच्या दंडावर हात ठेवला, काहीतरी म्हणाली आणि रिक्षाच्या दांडीला धरून, सावकाश, एकेक पाय आत घेत बसली. तिनं वर बघितलं नाही. रिक्षा फाटकातून वळली, तरी आई जाळीपाशीच उभी होती.